विटेनबर्गचा राजचित्रकार : लुकास क्रानाख

युरोपच्या इतिहासातील धर्मसुधारणेचा धडा उघडला की बहुधा एक चित्र आपल्या दृष्टीस पडते. भरदार चौकोनी चेहरा, डोक्यावर काळी टोपी, अंगात काळा झगा आणि किंचित तिरकी, विचारात गढलेली नजर. हा मार्टिन ल्यूथर. पोपच्या सत्तेला आव्हान देणारा हा जर्मन धर्मोपदेशक कसा दिसत होता हे आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. परंतु ते ज्याच्यामुळे ठाऊक झाले, त्याचे नाव त्या चित्राखाली क्वचितच छापलेले असते. मुलांना विचारावे, तर ती चित्र ओळखतात. चित्रकाराचे नाव मात्र त्यांना सांगता येत नाही. त्यांचा दोष नाही. आम्हांलाही आमच्या विद्यार्थिदशेत ते कोणी सांगितले नव्हते.

त्या चित्रकाराचे नाव लुकास क्रानाख. इ. स. १४७२ मध्ये जर्मनीतील फ्रँकोनिया प्रांतात क्रोनाख नावाच्या एका लहानशा गावी त्याचा जन्म झाला. बाप चित्रकारच होता आणि कुंचला धरण्याचे पहिले धडे लुकासने त्याच्याच हाताखाली गिरवले. पुढे परमुलखात गेल्यावर त्याने गावाचेच नाव आडनाव म्हणून लावले. गावावरून आडनाव घेण्याची रीत आपल्याकडेही आहे, तेव्हा त्यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही.

त्याच्या वयाच्या पहिल्या अठ्ठावीस-तीस वर्षांविषयी फारच थोडी माहिती उपलब्ध आहे. इ. स. १५०१ च्या सुमारास तो व्हिएन्नामध्ये प्रकट होतो, तोच मुळी सिद्धहस्त चित्रकार म्हणून. तेथील विद्यापीठातील कुस्पिनियान हा विद्वान व त्याची तरुण पत्नी यांची त्याने काढलेली जोडचित्रे आज स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे आहेत. माणसामागे झाडे, डोंगर, आकाश, पक्षी असे सारे सजीव निसर्गदृश्य त्यांत पसरलेले आहे. १५०३ साली त्याने येशूच्या क्रूसारोहणाचे चित्र काढले. त्यात क्रूस नेहमीप्रमाणे समोर न दाखवता बाजूने दाखवला आणि मागे काळेकुट्ट ढग दाटून आणले. त्या काळी ही मोठीच धिटाई होती. क्रानाखची व्हिएन्नातील ही मोजकी चित्रे पाहिली की वाटते, हा माणूस असाच चालत राहता तर कोठे जाऊन पोहोचला असता कोण जाणे! परंतु १५०५ साली त्याला सॅक्सनीच्या दरबाराचे बोलावणे आले आणि त्याच्या आयुष्याचा ओघच पालटला.

सॅक्सनीच्या राजाला इलेक्टर म्हणत. जर्मन सम्राटाची गादी वंशपरंपरेने न चालता सात इलेक्टर मिळून सम्राट निवडीत. त्या सातांपैकी हा एक. त्या वेळी गादीवर असलेल्या फ्रेडरिकला प्रजेने शहाणा ही पदवी बहाल केली होती. एल्बे नदीकाठचे विटेनबर्ग हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव त्याने राजधानीच्या तोलाचे करावयास घेतले होते. १५०२ साली तेथे विद्यापीठ स्थापन केले, किल्ला व चर्च बांधले, आणि संतांच्या पवित्र अवशेषांचा असा काही संग्रह जमवला की १५२० पर्यंत त्यांची संख्या सुमारे १९,००० झाली. या राजाला आपले वैभव चित्रांतून मिरवणारा माणूस हवा होता. वर्षाला १०० गुल्डन वेतनावर क्रानाख राजचित्रकार झाला. या पदावर त्याने पुढे एकामागून एक तीन राजे पाहिले.

राजचित्रकार म्हणजे काही भिंतीवर टांगण्याची चित्रे तेवढी काढावयाची, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. वाड्याच्या भिंती रंगवणे, युद्धक्रीडांसाठी घोड्यांच्या झुली सजवणे, निशाणे, ढाली, बर्फावरून धावणाऱ्या गाड्या रंगवणे, राजघराण्यातील लग्नसमारंभांची सजावट करणे, हे सारे त्याच्याच अंगावर असे. राजा शिकारीला निघाला की चित्रकाराने बरोबर जावयाचे व पळती हरणे, धावते कुत्रे, पडलेली शिकार डोळ्यांत साठवून आणावयाची. विद्यापीठातील शॉयर्ल नावाच्या कायद्याच्या अध्यापकाने १५०९ साली क्रानाखची मोठी स्तुती लिहून ठेवली आहे. त्याने रंगवलेले हरीण पाहून परके कुत्रे भुंकत, आणि भिंतीवर टांगलेली शिकार खरी समजून ती नासण्यापूर्वी हलवा, असा हुकूम एका सरदाराने सोडला, असे तो सांगतो. अशा कथा प्राचीन ग्रीक चित्रकारांविषयीही सांगितल्या जात, तेव्हा अध्यापकमहाशयांनी त्यांत पदरचे किती घातले हे ज्याचे त्याने ठरवावे. क्रानाखच्या हातचा वेग पाहून मात्र ते खरोखरच थक्क झाले होते, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

१५०८ च्या जानेवारीत फ्रेडरिकने त्याला मानचिन्ह दिले. काळा सर्प, त्याच्या पाठीवर वटवाघळासारखे उभारलेले पंख, मस्तकी मुकुट आणि तोंडात माणकाची अंगठी. हाच सर्प क्रानाखच्या चित्रांवरची सही होऊन बसला. त्याच वर्षी राजाने त्याला नेदरलँड्समध्ये पाठवले. तेथे सम्राटाच्या आठ वर्षांच्या नातवाचे चित्र त्याने काढले. त्या मुलाचे नाव चार्ल्स. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. जवळजवळ चाळीस वर्षांनी त्या दोघांची पुन्हा गाठ पडावयाची होती.

यानंतर क्रानाखचा संसार आणि व्यवसाय असे काही वाढत गेले की वाचणाऱ्याला धाप लागावी. गोथा नगरीच्या एका नगराध्यक्षाची कन्या बार्बरा हिच्याशी त्याचा विवाह झाला. हान्स व लुकास हे दोन मुलगे आणि तीन मुली झाल्या. बाजारचौकात त्याने मोठी घरे घेतली. १५१९ पासून तो नगरसभेत बसू लागला आणि पुढे तीन वेळा नगराध्यक्ष झाला. १५२० साली त्याने औषधालयाची सनद मिळवली. गावात औषधे विकण्याचा हक्क त्याचा एकट्याचा, आणि औषधांबरोबर मसाले, साखर, रंग असे जिन्नसही दुकानात असत. चित्रकाराला रंग लागतात, रंग औषधविक्याकडे मिळतात. तेव्हा दुकान आपल्याच घरात असलेले काय वाईट, असा तो व्यवहारी हिशेब होता. भागीदारीत त्याने छापखानाही चालवला. विटेनबर्गमधील सर्वांत धनवान नागरिकांत त्याची गणना होऊ लागली.

याच गावात विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणारा ल्यूथर राहत होता. १५१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने पोपच्या पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि युरोप हादरले. क्रानाख त्याच्याहून अकरा वर्षांनी वडील. परंतु दोघांचा घरोबा जमला. क्रानाखच्या धाकट्या मुलीचा धर्मपिता ल्यूथर झाला व ल्यूथरच्या पहिल्या मुलाचा धर्मपिता क्रानाख. १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटापुढे माघार घेण्याचे नाकारून ल्यूथर परतीला निघाला, तेव्हा आपल्याला कोठेतरी लपवून ठेवणार आहेत हे त्याने ज्या मोजक्या लोकांना पत्राने कळवले त्यांत क्रानाख होता. वार्टबुर्ग किल्ल्यात दाढी वाढवून, सरदाराच्या वेषात ल्यूथर दडून राहिला. त्या वेषातला ल्यूथरही आपल्याला क्रानाखमुळेच पाहावयास मिळतो. मठातून पळून आलेली कातारीना फोन बोरा ही तरुण संन्यासिनी काही काळ क्रानाखच्याच घरी आश्रयाला होती. १५२५ च्या जूनमध्ये ल्यूथरने तिच्याशी लग्न केले. पूर्वाश्रमीच्या संन्याशाने संन्यासिनीशी विवाह करणे हा केवढा गहजब! त्या लग्नाला जे अगदी थोडे लोक हजर होते, त्यांत क्रानाख पतिपत्नी होती. लगेच त्याने नवपरिणीत दांपत्याची जोडचित्रे काढली, आणि कारखान्यातून त्यांच्या प्रतींवर प्रती निघू लागल्या. हा विवाह चोरीचा नाही, उजळ माथ्याने केलेला आहे, हे लोकांना पटवण्याचे काम त्या चित्रांनी शंभर व्याख्यानांहून अधिक केले असेल.

छापील चित्रांचे सामर्थ्य क्रानाखला पुरते उमगले होते. १५२१ साली निघालेल्या एका लहान पुस्तकात त्याने २६ लाकडी ठशांच्या तेरा जोड्या लावल्या. एका बाजूस शिष्यांचे पाय धुणारा येशू, तर समोर राजेरजवाड्यांकडून आपल्या पायाचे चुंबन घेवविणारा पोप. अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही यातला भाव कळावा. १५२२ च्या सप्टेंबरमध्ये ल्यूथरने भाषांतरित केलेला नवा करार प्रसिद्ध झाला. त्याचा प्रकाशनाचा खर्च क्रानाख व त्याच्या भागीदाराने उचलला होता, आणि शेवटच्या भागासाठी क्रानाखच्या कारखान्याने पानभर आकाराचे २१ ठसे तयार केले होते. सुमारे ३,००० प्रती हां हां म्हणता खपल्या व डिसेंबरातच दुसरी आवृत्ती काढावी लागली. पहिल्या आवृत्तीत बॅबिलोनच्या पापिणीच्या मस्तकी पोपचा तिहेरी मुकुट दाखवला होता. शेजारच्या राज्याच्या ड्यूकने त्यावर आरडाओरड केली, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत ठशाचा वरचा भाग तासून साधा मुकुट ठेवण्यात आला. आपल्या गोव्यात छापखाना आला तो १५५६ साली. त्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षे जर्मनीत ठशावरच्या एका मुकुटासाठी राजे भांडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या युगाची कल्पना येते. क्रानाखच्या कारखान्याची पुढली काही पोपविरोधी चित्रे मात्र अगदीच शिवराळ आहेत. ती शाळेच्या अंकात वर्णन करण्याजोगी नाहीत, आणि कलेच्या दृष्टीनेही त्यांत फारसे काही नाही.

आता एक गोष्ट सांगावयास हवी, जी वाचून मनात प्रश्न उभा राहतो. ज्या पापमुक्तिपत्रांविरुद्ध ल्यूथरने बंड केले, ती जर्मनीत ज्याच्या नावाने विकली जात होती तो धर्माधिकारी म्हणजे ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्ट. महाधर्माध्यक्षपद मिळवण्यासाठी काढलेले कर्ज त्याला या विक्रीतून फेडावयाचे होते. या आल्ब्रेख्टच्या हाले येथील चर्चसाठी सोळा वेद्यांवरची १४० हून अधिक चित्रे कोणी पुरवली? क्रानाखच्या कारखान्याने! तीही ज्या वर्षांत ल्यूथरची रेखाचित्रे आणि पोपची विडंबने तेथूनच बाहेर पडत होती त्याच वर्षांत. १५२५ साली क्रानाखने ल्यूथर दांपत्य रंगवले, आणि त्याच साली आल्ब्रेख्टला संत जेरोमच्या रूपात, अभ्यासिकेत सिंहासह बसवून दाखवले. याला काय म्हणावे? काही अभ्यासक म्हणतात, त्या वेळी दोन्ही पंथांमधली भिंत अजून पुरती उभी राहिली नव्हती, आणि चित्रकार हा कारागीर. मागणी येईल तो माल त्याने द्यावयाचा. हे खरे असेलही. परंतु मित्राच्या लग्नाला साक्षीदार म्हणून उभा राहणारा माणूस त्याच मित्राच्या प्रतिपक्षाचा पैसा इतक्या सहजतेने कसा घेतो, हे आमच्या मनाला पुरते उलगडत नाही. विशेष म्हणजे, ल्यूथरशी असलेल्या त्याच्या स्नेहात यामुळे खंड पडला नाही.

इतकी चित्रे निघत तरी कशी, तेही पाहण्यासारखे आहे. क्रानाखच्या कारखान्यात फळ्या ठरावीक मापांत कापून तयार असत. एखाद्या राजाचे चित्र हवे असेल तर प्रथम त्याच्या चेहऱ्याचा कागदावर रंगीत अभ्यास करून घेत. अशा काही कागदांचा संग्रह फ्रान्समधील रॅंस येथे आहे. तो नमुना एकदा हाती आला की त्या राजाला पुन्हा समोर बसवण्याची गरज नसे. शागीर्द नमुन्यावरून चेहरा उतरवीत, कोणी वस्त्रे रंगवी, कोणी मागची भूमी. शेवटी कोपऱ्यात सपक्ष सर्प उमटे. चित्र उस्तादाच्या हातचे असो की शागिर्दाच्या, सर्प तोच. १५३२ साली योहान फ्रेडरिक गादीवर आला, तेव्हा त्याने आपला दिवंगत चुलता शहाणा फ्रेडरिक आणि दिवंगत पिता योहान यांच्या जोडचित्रांच्या एकदम ६० जोड्या मागवल्या. म्हणजे १२० चित्रे! त्यांचे मोल सुमारे ११० गुल्डन झाले. पन्नास वर्षांत या कारखान्यातून ५,००० च्या आसपास चित्रे बाहेर पडली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत ॲडम-ईव्ह आहेत, ग्रीक-रोमन पुराणांतल्या देवता आहेत, राजकन्या आहेत. पातळ, नागमोडी बांध्याच्या त्या देवता क्रानाखच्या म्हणून दुरूनही ओळखू येतात. मात्र व्हिएन्नातल्या चित्रांमधला तो झंझावात नंतरच्या चित्रांत क्वचितच भेटतो. दरबाराने त्याला घर, मान, पैसा, सारे दिले. त्याच्या बदल्यात काय घेतले ते ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली की दिसते.

१५३७ साली त्याचा थोरला मुलगा हान्स इटलीत बोलोन्या येथे वारला. वय पुरते पंचवीसही नव्हते. चित्रकलेत तो बापाच्या बरोबरीने उभा राहू लागला होता. अधिक पाहावे, शिकावे म्हणून तो गेला, तो परत आला नाही. त्याला जाऊ दिले हा आपलाच अपराध, असे आईबापांच्या मनाने घेतले, आणि ल्यूथरने घरी येऊन त्यांचे सांत्वन केले. याच सुमारास चित्रांवरच्या सर्पाचे वटवाघळी, उभारलेले पंख जाऊन तेथे पक्ष्याचे मिटलेले, खाली टेकलेले पंख आले. कारखान्याची सूत्रे धाकट्या लुकासच्या हाती येऊ लागली म्हणून मुद्रा बदलली, असे काही म्हणतात. काहींना मात्र त्या मिटलेल्या पंखांत बापाचा शोक दिसतो. थोड्याच वर्षांत बार्बराही गेली. १५४६ मध्ये ल्यूथर गेला.

आणि १५४७ साली सारेच कोसळले. नेदरलँड्समधला तो आठ वर्षांचा मुलगा आता सम्राट पाचवा चार्ल्स झाला होता, आणि ल्यूथरपंथी राजांविरुद्ध त्याने शस्त्र उचलले होते. २४ एप्रिल रोजी एल्बेकाठी म्यूलबर्ग येथे योहान फ्रेडरिकचा पराभव होऊन तो कैद झाला. त्याला देहांताची शिक्षा फर्मावण्यात आली. ते ऐकले तेव्हा तो बुद्धिबळ खेळत होता व डाव त्याने तसाच पुढे चालू ठेवला, असे सांगतात. विटेनबर्ग शत्रूच्या हवाली केल्यावर त्याचा प्राण वाचला. परंतु इलेक्टरपद व राज्याचा मोठा भाग त्याच्याच कुळातील मोरित्सकडे गेला आणि तो स्वतः सम्राटाचा बंदी झाला.

सम्राटाची छावणी विटेनबर्गबाहेर पडली होती. चार्ल्सने वृद्ध चित्रकाराला बोलावून घेतले. जुन्या वृत्तांतात ही हकीकत आली आहे. आपले लहानपणचे चित्र तूच काढलेस ना, त्या वेळी मी कसा वागत होतो, असे सम्राटाने विचारले. क्रानाखने सांगितले की मुलगा एका जागी बसेना. तेव्हा त्याला शस्त्रांची आवड आहे हे जाणून गुरूने समोरच्या भिंतीवर चकचकीत पाते लावून ठेवले, आणि त्याकडे तो टक लावून बसला असताना आपण चित्र पुरे केले. सम्राट प्रसन्न झाला व काय हवे ते मागण्यास त्याने सांगितले. पंचाहत्तरीला आलेल्या त्या श्रीमंत म्हाताऱ्याने गुडघे टेकून एकच मागणे मागितले : माझ्या बंदी राजावर दया करावी.

नव्या सत्तेखाली क्रानाखला काही उणे पडले नसते. घरे होती, औषधालय होते, कारखाना मुलगा चालवीत होता. बंदी राजाकडून वेतनाची फारशी आशा करण्यासारखी स्थिती नव्हती. तीन वर्षे तो विटेनबर्गमध्येच राहिला. योहान फ्रेडरिकला मात्र त्याची आठवण येत होती, आणि तो बोलावीत होता. अखेर १५५० च्या उन्हाळ्यात, आपली निरवानिरव करून, पंचेचाळीस वर्षे राहिलेले गाव सोडून हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ दक्षिणेस ऑग्सबर्गची वाट चालू लागला. विटेनबर्गला तो पुन्हा आला नाही.

ऑग्सबर्गमध्ये राजाच्या बंदिवासात त्याची करमणूक करणे, त्याच्यासाठी चित्रे काढणे, हा त्याचा उद्योग झाला. तेथेच त्या वेळी सम्राटाने बोलावलेला व्हेनिसचा थोर चित्रकार तित्सियान आलेला होता. एक विजेत्याचा चित्रकार, दुसरा पराजिताचा. क्रानाखने तित्सियानचे चित्र काढले असे नोंदले आहे. दुर्दैवाने ते आज उपलब्ध नाही. पुढे सम्राट इन्सब्रुकला गेला, तर त्याच्या मागोमाग बंदी राजा आणि राजाबरोबर क्रानाखही गेला. १५५२ साली राजकारणाचे पारडे फिरले व योहान फ्रेडरिक मुक्त झाला. राज्य लहान उरले होते, नवी राजधानी वायमार ठरली. क्रानाखची मुलगी बार्बरा तेथेच राजाच्या मंत्र्याच्या घरी दिलेली होती. बाजारचौकातील त्या घरी म्हातारा येऊन राहिला, आणि तेथेच १६ ऑक्टोबर १५५३ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी, त्याने देह ठेवला. पाच महिने झाले नाहीत तोच राजाही गेला.

क्रानाखला वायमारच्या याकोब दफनभूमीत पुरण्यात आले. त्याच्या शिळेवर लॅटिनमध्ये त्याला अतिशीघ्र चित्रकार म्हटलेले आहे. लॅटिनमध्ये अतिशीघ्र आणि अतिप्रसिद्ध या दोन शब्दांत एका अक्षरजोडीचाच काय तो फरक आहे, त्यामुळे पाथरवटाच्या हातून चूक झाली असावी असे काहींना वाटते. तसे असेल तर ती मोठीच समर्पक चूक म्हणावी लागेल.

वायमारच्या चर्चमधील वेदीवरचे मोठे चित्र त्याच्या मृत्यूनंतर, १५५५ साली, धाकट्या लुकासने पुरे केले. मध्ये क्रूसावर येशू आहे. उजव्या अंगाला तीन माणसे उभी आहेत. कडेला ल्यूथर, हातातल्या उघड्या बायबलवर बोट ठेवलेला. पलीकडे बाप्तिस्मा देणारा योहान. आणि या दोघांच्या मध्ये, शुभ्र दुभंगलेल्या दाढीचा, हात जोडलेला क्रानाख. येशूच्या कुशीतून निघालेली रक्ताची धार आकाशातून वळण घेत नेमकी त्याच्या मस्तकावर पडते आहे. संत आणि धर्मसुधारक यांच्यामध्ये मुलाने बापाला उभे केले आहे, आणि बाप क्रूसाकडे पाहत नाही. तो चित्राबाहेर, आपल्याकडे पाहतो आहे.